एका ओळीची चूक

मुंबईच्या चाळींत गांवाकडचा पाहुणा प्रथमच आला कीं त्याची हमखास फसगत होई. 'पहिला मजला' म्हणून तो जमिनीलगतच्या बिऱ्हाडाचें दार ठोठावी. तळमजला मोजावयाचा नसतो, हें त्याला कोणी सांगितलेलें नसे.

संगणकाच्या राज्यांत हाच तळमजला पुष्कळ घोटाळे करतो. तेथील मोजणी बहुधा शून्यापासून सुरू होते. कारण यादींतील पहिली वस्तु आरंभापासून शून्य घरें दूर असते. सी भाषेंत तर एकाच दिनांकांत महिना ० ते ११ आणि तारीख १ ते ३१ अशी मोजतात! १९८२ सालीं डाइक्स्ट्रा या डच पंडितानें शून्याची बाजू मांडणारें टिपण लिहिलें. तर्काला तें पटतें; पण माणसाचें बोट एकावरच पडतें.

माझी नात याच व्यवसायांत आहे. तिच्या कचेरींतील प्रोग्रॅमिंग इंटरफेसची माहितीपुस्तिका कोणी हातानें लिहीत नाहीं. मूळ कोड वाचून दुसरा एक प्रोग्रॅम तिचीं पानें तयार करतो. प्रत्येक फंक्शनच्या नांवाशेजारीं, तें कोडच्या ज्या ओळीवर आहे तिची लिंक असते. ती लिंक नेमकी एक ओळ वर नेई. मोठ्या फंक्शनांत हें कोणाच्या लक्षांतहि येईना. परंतु जेथें एकेका ओळीचीं फंक्शनें लागोपाठ होतीं, तेथें वाचक शेजाऱ्याच्या घरांत शिरे. एका नवख्या मुलानें त्या शेजाऱ्यालाच खरा धनी मानून दोन दिवस काम केलें आणि तें सारें वायां गेलें.

कोड वाचणारा भाग ओळी शून्यापासून मोजी, पान दाखविणारा एकापासून. एका सहकाऱ्यानें तयार पानांवरचे आंकडेच सुधारले. पण पानें रोज रात्रीं नव्यानें तयार होतात. सकाळीं चूक पुन्हां हजर! मला मात्र हसूं आलें नाहीं. फळ्यावर मीच चुकीचें उत्तर लिहून, एकदां चाळीस वह्यांत तें तांबड्या शाईनें खोडीत बसलों होतों. फळा तसाच.

पुढें एकानें वाचणाऱ्या भागांत एक मिळविला, दुसऱ्यानें न विचारतां दाखविणाऱ्या भागांत. लिंक आतां एक ओळ खालीं गेली!

अखेर नातीनें ठरविलें कीं, आंत सर्वत्र शून्यापासूनच मोजावें आणि पान लिहितांना, त्या एकाच ठिकाणीं, एक मिळवावा. पडताळ्यासाठीं तिनें तीन ओळींची, तीन फंक्शनांची एक चिमुकली फाइल केली. पहिल्याची लिंक पहिल्या ओळीवर आणि शेवटच्याची तिसऱ्या ओळीवर गेली नाहीं, तर त्या रात्रीं पानें बाहेर पडतच नाहींत.