वाडा राहिला, ग्रंथ गेले



शतकपूर्तीच्या या प्रसंगी मी आपणापुढे इंग्लंडमधील एका वाड्याची कथा ठेवणार आहे. बकिंगहॅमशायर परगण्यातील या वाड्याचे नाव स्टो. मेंढपाळीतून धनवान झालेल्या टेंपल घराण्याने ही जहागीर १५८९ मध्ये विकत घेतली. अठराव्या शतकात लॉर्ड कोबहॅमने तिच्याभोवती जगप्रसिद्ध उद्याने उभारली. पुढे वारसाहक्काने ती ग्रेनव्हिल घराण्याकडे आली आणि १८२२ मध्ये वाड्याचा धनी ड्यूक ऑफ बकिंगहॅम झाला.

वैभव वाढले, तसे कर्जही वाढले. दुसऱ्या ड्यूकच्या काळी ते दहा लक्ष पौंडांवर गेले. १८४८ मध्ये वाड्यातील चीजवस्तूंचा लिलाव चाळीस दिवस चालला. हाती आले ते सुमारे पंचाहत्तर हजार पौंड! शेक्सपिअरचे म्हणून ओळखले जाणारे 'शँडॉस' चित्र याच लिलावात विकले गेले. पुढल्याच वर्षी ग्रंथसंग्रहही विकावा लागला आणि हस्तलिखिते अॅशबर्नहॅमच्या उमरावाकडे गेली.

तिसरा ड्यूक १८७५ ते १८८० या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. तेथील बकिंगहॅम कालवा त्याच्याच नावाचा. १८८९ मध्ये तो पुत्राविना वारला आणि ड्यूकपद लयाला गेले. १९२१ मध्ये वाडाही विकला गेला. १९२३ पासून तेथे शाळा भरते. उद्याने आज नॅशनल ट्रस्ट सांभाळते.

आता त्या विखुरलेल्या धनाचे पाहा. शेक्सपिअरचे चित्र विकत घेणाऱ्या लॉर्ड एल्समिअरने ते १८५६ मध्ये राष्ट्रीय व्यक्तिचित्रसंग्रहालयास अर्पण केले. हस्तलिखिते १८८३ मध्ये सरकारने घेऊन ब्रिटिश म्युझियमकडे सोपविली. त्यांतील आयर्लंडची हस्तलिखिते डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीला मिळाली. अशी ही हस्तलिखिते लोकांच्या संस्थेत आली, तेव्हाच त्यांची वणवण थांबली.

मित्रहो, धनिकाच्या कपाटातील ग्रंथाचे भवितव्य त्या धनिकाच्या खतावणीवर अवलंबून असते. आपल्या ग्रंथालयामागे कोणी ड्यूक नाही. येथे वर्गणी भरणारा प्रत्येक सभासद धनी आहे. शंभर वर्षे संस्था टिकली ती त्या लहान लहान वर्गण्यांवर. म्हणून एवढीच विनंती : घरातील जुनी पुस्तके रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी एकदा आपल्या ग्रंथपालांना दाखवावीत. स्टोच्या ग्रंथांना जे घर फार उशिरा लाभले, ते आपल्याकडे शंभर वर्षांपासून उभे आहे.