स्नायूंची घडण

हे बोलणे ऐकताना तुम्ही स्वस्थ बसला असाल, पण तुमचे स्नायू स्वस्थ नाहीत. त्यांनी मान सावरून धरली आहे, श्वास चालू ठेवला आहे, आणि पोटातले अन्नही तेच पुढे सरकवत आहेत.

शरीरात स्नायूंच्या जाती तीन. हाडांना जोडलेले 600हून अधिक स्नायू आपल्या इच्छेने चालतात. आतडी, रक्तवाहिन्या, गर्भाशय यांच्या भिंतींतले स्नायू मात्र आपल्याला विचारत नाहीत. ते सावकाश आवळतात आणि बराच वेळ तसे राहू शकतात. तिसरा हृदयाचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरही हाडांच्या स्नायूंसारखे आडवे पट्टे दिसतात, पण तो आपल्या हुकमात नाही. तो दिवसाला सुमारे 1 लाख वेळा आकुंचन पावतो.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती हाडांच्या स्नायूची आतली घडण. काथ्याच्या दोरात जसा पिळाच्या आत पीळ, तशा इथे तंतूंच्या जुड्या, आणि प्रत्येक तंतूच्या आत आणखी बारीक तंतू. त्यांत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत शिरलेले असतात. 1954 साली ह्यू हक्स्ली व जीन हॅन्सन, तसेच अँड्र्यू हक्स्ली व रॉल्फ नीडरगेर्के या शास्त्रज्ञांनी मांडले, की स्नायू आकसतो तेव्हा हे धागे आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. मज्जातंतूचा संदेश आला की तंतूत कॅल्शियम सुटते. मायोसिनची इवली डोकी अ‍ॅक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात. सोडायलाही ऊर्जा लागते, बरं का! मृत्यूनंतर ती ऊर्जा संपते, पकड सुटत नाही, आणि काही तासांत शरीर ताठ होते.

स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून कोपर वाकवायला दंडाचा पुढचा स्नायू आणि सरळ करायला मागचा, अशी जोडी लागते.

वापर थांबला की स्नायू झपाट्याने रोडावतात. उतारवयात हे जास्तच जाणवते. पण व्यायामाने तंतू पुन्हा जाड होतात, अगदी नव्वदीतही. म्हणून घरातल्या ज्येष्ठांना केवळ काळजीपोटी बसवून ठेवू नका. डॉक्टरांना विचारून, कुणीतरी शेजारी उभे राहून, त्यांना रोज थोडा वेळ खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा सराव करू द्या.