पाण्यावरील नक्षी वस्त्रावर

जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर संगमरवरी दगडासारख्या नागमोडी नक्षीचा कागद चिकटविलेला पुष्कळांनीं पाहिला असेल. फारशींत त्यास अबरी, म्हणजे ढगासारखा, असें म्हणतात. तुर्कस्तानांत या कलेला एब्रू हें नांव आहे. १७ व्या शतकांत विजापूरकडील चित्रकारांनींहि आपल्या चित्रांत ती योजिली होती. ही नक्षी कुंचल्यानें रेखाटलेली असावी असें पाहणाऱ्यास वाटतें. वस्तुतः ती आधीं पाण्यावर उमटते आणि मग कागद किंवा वस्त्र तिला अलगद उचलून घेतें.

वस्त्रावर ही कला शिकूं पाहणाऱ्याचें सारें लक्ष रंगांकडे असतें. परंतु आरंभ करावा लागतो तो कापड धुण्यापासून. नव्या कापडांतील खळ काढून तें तुरटीच्या पाण्यांत भिजवावें लागतें, वाळवून इस्त्रीनें सपाट करावें लागतें. तुरटी रंगाला धाग्याशीं धरून ठेवते. ही पायरी आळसानें गाळली, तर सुंदर उठलेली नक्षी धुतांना डोळ्यांदेखत वाहून जाते.

दुसरी कसोटी पाण्याची. साध्या पाण्यावर हे रंग नीट राहत नाहींत; म्हणून गोंदकतीरा किंवा एक प्रकारचें समुद्रशेवाळ घालून पाणी दाट करितात व तें निवांत ठेवतात. जुन्या पद्धतींत रंगांत बैलाच्या पित्ताचे थेंब मिसळतात. पित्त कमी पडलें तर रंग तळाशीं बसतो. अधिक झालें तर भलताच पसरतो. याचें ठराविक माप कोणालाहि सांगतां येत नाहीं. हवा पालटली कीं प्रमाणहि पालटतें. घोड्याच्या केसांच्या कुंचल्यानें रंग शिंपडून सुईनें वा फणीनें ते ओढले, कीं नक्षी तयार होते.

मग येतो तो खरा क्षण. मोठें कापड दोघांनीं टोकांस धरून आधीं मध्यभाग टेकवावा व मग कडा सोडाव्या. खालीं हवा अडकली तर तेथें पांढरा डाग राहतो. हात हलला तर रेषा फिसकटतात. चुकलेलें पुसतां येत नाहीं, आणि साधलेलें तंतोतंत पुन्हा काढतां येत नाहीं.

अशी विद्या पुस्तकापेक्षां हातांतूनच हातांत जाते. इस्तंबूलचे नेजमेद्दीन ओक्याय (१८८३–१९७६) यांनीं रंगाच्या थेंबांतून फुलें उमटविण्याची रीत रूढ केली. त्यांच्याजवळ मुस्तफा दूझगुनमान (१९२०–१९९०) शिकले. उस्कुदार येथें वनौषधींचें दुकान चालवितां चालवितां त्यांनीं ही कला जिवंत ठेविली. दोघांचें काम मुख्यतः कागदावरचें. पण हातोटी तीच. एका पिढींत शिष्य मिळाला नसता तर हा धागा तेथेंच तुटण्याचें भय होतें. युनेस्कोनें २०१४ सालीं एब्रूला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. प्राथमिक कौशल्यासहि निदान दोन वर्षें लागतात, असें तेथें नमूद आहे.

आतां तयार रंग व पाणी दाट करणारी पूड विकत मिळते. पहिल्याच दिवशीं एखादा रुमाल रंगवून घरीं नेतां येतो. पण ज्याची नक्षी एकदां मोरीच्या पाण्यांत वाहून गेली, तो दुसऱ्या दिवशीं कोणी न सांगतां आधीं तुरटी भिजत घालतो. शिकण्याचा आरंभ तेथें होतो.