दाराशी आलेला धर्म

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



दाराची कडी वाजावी आणि बाहेर कोणीतरी देवाच्या नावाने उभे असावे, हा प्रसंग इतका नित्याचा आहे की त्यावर विचार करावा असे कोणास वाटत नाही. ठराव, मोर्चे आणि निवडणुका यांच्या धबडग्यात उंबऱ्यावरचे हे दोन मिनिटांचे संभाषण क्षुल्लकच ठरते. परंतु सामान्य माणसाची धर्माशी गाठ देवळात पडते त्याहून अधिक वेळा ती उंबऱ्यावर पडते. आणि तेथे कोण कोणाला निर्धास्तपणे ‘नाही’ म्हणू शकतो, हे पाहिले की समाजातील सत्तेची उतरंड स्वच्छ दिसू लागते.

जुन्या गावगाड्यात दाराशी येणाऱ्यांची रांग मोठी होती. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव पहाटे येई. नंदीबैलवाला, गोंधळी, अंगावर आसूड ओढणारा पोतराज, डमरू वाजवणारा डवरी गोसावी हे आपापल्या वेळी आणि आपापल्या ऋतूत येत. त्यांना कोणी सुपातून पसाभर जोंधळा घाली, सुगीत खळ्यावरून वाटा मिळे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ज्यांच्या नावे जमिनीचा तुकडाही नव्हता अशा फिरस्त्यांना गावाच्या उत्पन्नातून मिळणारा तो हिस्सा होता. हक्क म्हणून मागण्याची सोय नव्हती, म्हणून तो देवाच्या नावाने मागितला जाई. देणाऱ्याला पुण्य मिळे, घेणाऱ्याची रात्रीची भाकरी निघे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिनेच महारवाड्यातील माणसांना संध्याकाळी दारोदार भाकरतुकडा मागायला लावले. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस आणि शिळे तुकडे या दोहोंचा त्याग करा असे सांगितले, तेव्हा दाराच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाने प्रथमच ‘नाही’ म्हटले. गाडगेबाबांनी दुसरी वाट काढली. ते भाकरी मागत, पण आधी खराटा हाती घेत, लाकडे फोडत, आणि मगच पानावर बसत. देवाचे नाव घेणाऱ्याने फुकट खाऊ नये, ही त्यांची शिकवण धर्माइतकीच श्रमाच्या नीतीचीही होती.

पुढे मजुरी रोख झाली, खळी ओस पडली, गावाची अर्धी माणसे शहरात गेली. तेथे दार उरले, पण त्याच्या आधी फाटक आणि फाटकावर पहारेकरी आला. वासुदेव तेथेच अडला. जिथे तो पोचतो तिथे त्याला मिळणारी उत्तरे ठरलेली आहेत. कोणी ‘पुढच्या घरी जा’ म्हणतो, कोणी दाराआडून ‘माफ करा’ म्हणतो, कोणी लेकराबाळांवरून ओवाळून नाणे टाकतो. त्यात श्रद्धेपेक्षा शापाची धास्ती अधिक. पुरोगामी घरात मात्र त्याला नाण्याऐवजी व्याख्यान मिळते: ‘धडधाकट आहेस, काम का करत नाहीस?’

हा प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर ऐकायला थांबावे, एवढीच अपेक्षा आहे. ज्याचे पाल दर महिन्याला हलते त्याचे मूल कोणत्या शाळेच्या पटावर असणार? भटक्या जमातींना सवलती आहेत खऱ्या. पण जातीचा दाखला हवा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा लागतो. ज्याच्या आजोबाला घर नव्हते, त्याच्या नातवाकडे घराचा कागद मागितला जातो! आणि कागद नाही म्हणून तो पुन्हा दारोदार जातो. त्याच्या हातातील डमरू हे अंधश्रद्धेचे चिन्ह आहे असे मानून चालणाऱ्या कार्यकर्त्याने ते त्याच्या बेकारीचेही चिन्ह आहे, हे विसरू नये.

कायदा तर याहून निर्दय आहे. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भिक्षेची जी व्याख्या केली, तीत सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून मागणे तर आलेच, शिवाय भिक्षेसाठी कोणाच्या खाजगी आवारात शिरणेही आले. म्हणजे दारात उभे राहून गाणारा वासुदेव, व्याख्येचा शब्द धरला तर, गुन्हेगार. त्याला पहिल्या खेपेसच एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात डांबता येते. दिल्लीला लागू असलेल्या याच कायद्यातील मुख्य कलमे तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात ती त्या निकालाने हलली नाहीत. मौज अशी की त्याच व्याख्येला एक अपवाद जोडलेला आहे. कायद्याने अधिकृत केलेल्या कारणासाठी पैसे मागणे ही भिक्षा नव्हे.

आता पावतीपुस्तक घेऊन येणाऱ्यांकडे वळू. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यातील ‘४१ क’ या कलमाखाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढली की मंडळाची वर्गणी रीतसर होते. तिला कोणाची हरकत असू नये. मोहल्ल्याच्या उत्सवाला लोकांनी स्वखुशीने हातभार लावणे यात वाईट काय? पण ती स्वखुशी पाहावी. चार-पाच तरुण एकदम येतात. शेजाऱ्याने किती दिले ते पावतीपुस्तकात वाचायला मिळते. आकडा मागणाराच सांगतो. फाटकावरचा पहारेकरी, ज्याने सकाळी वासुदेवाला हुसकावले, तो यांना अडवू शकत नाही, कारण त्याचीही नोकरी त्याच वस्तीत आहे. जो कर भरल्यावर त्याचा हिशोब विचारता येत नाही आणि जो नाकारता येत नाही, त्याला वर्गणी म्हणणे हा केवळ शिष्टाचार झाला.

२०२१ साली १५ जानेवारी ते २७ फेब्रुवारी या काळात अयोध्येच्या मंदिरासाठी देशभर घरोघर निधिसंकलन झाले. दहा, शंभर आणि हजार रुपयांची कुपने होती. अनेकांनी ती भक्तिभावाने घेतली, आणि त्यांच्या भक्तीची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु दहा रुपये ही रक्कम नाकारण्यासाठी कोणी गरिबीचे कारण सांगू शकत नाही, हे ध्यानात घ्यावे. एवढ्या लहान रकमेला दिलेला नकार हा मताचा नकार ठरतो. तो दारात उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसासमोर द्यावा लागतो. अशा वेळी मुसलमान वा ख्रिस्ती कुटुंबाने काय करावे, आणि मंदिराच्या राजकारणाला विरोध असलेल्या हिंदू भाडेकरूने काय करावे, याचे उत्तर घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात आहे. तेथे सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य धर्मप्रसाराच्या आधी लिहिलेले आहे. पण उंबऱ्यावर घटना उघडून दाखवता येत नाही. बहुतेक जण दहाची नोट काढतात आणि दार लावून घेतात.

दुर्बलाला दिलेला नकार मात्र कुठवर जातो, हे रविवार, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात दिसले. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ठार केले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारले गेले. अफवा मोबाईलवरून आली होती, हे सर्वांनी लिहिले. पण अफवेला पोसणारी जमीन आधीच तयार होती. पिढ्यानपिढ्या ज्याला गाव ओळखत होते, तो फिरस्ता गावाला अनोळखी झाला होता. ज्यांनी मारले त्यांत सुखवस्तू कोणी नव्हते. आदिवासी भागातील गरिबांनी त्यांच्याहून गरीब माणसे मारली. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील लवंगा गावी चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. ते सुदैवाने वाचले.

या संदर्भात अमेरिकेतील एक निकाल कार्यकर्त्यांनी आवर्जून वाचावा. ओहायो राज्यातील स्ट्रदर्स हे पोलाद कारखान्यांचे गाव. तेथील नगरपालिकेने पत्रके वाटण्यासाठी कोणाच्याही दाराची घंटा वाजवण्यास बंदी केली. कारण सांगितले ते कामगारांच्या कळवळ्याचे: रात्रपाळी करून आलेले लोक दिवसा झोपतात, त्यांची झोपमोड होते. यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या एका स्त्रीने तरीही घंटा वाजवली आणि तिला दंड झाला. १९४३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती बंदी रद्द केली. दार उघडायचे की नाही हे नगरपालिकेने ठरवायचे नाही, घरमालकाने ठरवायचे. ज्याला कोणी यायला नको असेल त्याने तशी पाटी लावावी, असा त्या निकालाचा आशय आहे. ज्यांच्या चळवळीपाशी पैसा नाही अशा साध्या माणसांना दारोदार जाण्यावाचून दुसरे साधन नसते, हेही न्यायालयाने नोंदवले. त्या पंथाची मते येथे बसलेल्यांपैकी कोणालाही पटणार नाहीत. पण त्या स्त्रीने घंटा वाजवण्याचा हक्क मिळवला तो कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यालाही मिळाला.

पक्षाचा कार्यकर्ताही अखेर दारावरचाच माणूस आहे. साप्ताहिकाची वर्गणी, संपाचा निधी, मतदानाचे पत्रक घेऊन तो याच जिन्यांवरून चढतो, आणि ‘माफ करा’ त्यालाही ऐकावे लागते. फाटकावर ‘आत येण्यास मनाई’ अशी पाटी लावण्याचा ठराव एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत येतो, तेव्हा त्या सभेत पक्षाचेही सभासद बसलेले असतात. त्यांनी हात वर करण्यापूर्वी त्या पाटीने नेमके कोण बाहेर राहणार आहे आणि कोण तरीही आत येणार आहे, एवढे तरी सभेला विचारावे.