यंत्राचे तोंड कुणाकडे?



इंजिनिअर होऊन मी नोकरीला लागलो, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले गेले. चार वर्षांनी प्रोग्रॅमिंग सोडून मी ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ झालो, तेव्हा वडिलांनी एवढेच विचारले, ‘‘म्हणजे तू आता इंजिनिअर नाहीस का रे?’’ त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. असा प्रश्न आज बऱ्याच घरांत विचारला जात असेल, म्हणून ते उत्तर आज देऊन पाहतो.

या उत्तराची सुरुवात पुणे जिल्ह्यातल्या एका दूध संकलन केंद्रात होते. आमची कंपनी अशा केंद्रांसाठी संगणक प्रणाली बनवत असे. वजनकाटा आणि फॅट तपासायचे यंत्र संगणकाला जोडलेले. दुधाचे वजन, फॅट, एसएनएफ यांची नोंद आपोआप होई, दर निघे आणि पावती छापली जाई. हा प्रोग्रॅम माझा होता. ऑफिसात तो एकदाही चुकला नव्हता. तरी गावातून निरोप आला, की काही शेतकरी आपले दूध दुसरीकडे घालू लागले आहेत आणि केंद्राचे सचिव संगणक असूनही जुनी वही लिहीतच आहेत.

मला वाटले, लोकांना नीट शिकवायला हवे. आमचे साहेब म्हणाले, ‘‘शिकवायला जाऊ नकोस. तीन दिवस नुसता बघत बस.’’

पहाटे साडेपाचला मी तिथे जाऊन बसलो. सचिवांचे हात ओले, कळफलकावर प्लॅस्टिकचा कागद, दारात किटल्या घेऊन उभी रांग. पूर्वी सचिव फॅटचा आकडा मोठ्याने सांगत आणि शेतकऱ्याच्या कार्डावर लिहीत. सगळी रांग तो ऐकत असे. आता संगणक गप्प होता. त्याचा पडदा सचिवांकडे होता आणि पावती इंग्रजीत, बारीक अक्षरांत. तिसऱ्या दिवशी एका आजींनी किटली खाली ठेवली आणि मला विचारले, ‘‘बाळा, तुझं मशिन माझ्याकडं पाठ करून का बसलंय?’’

श्रोतेहो, गाईच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याच्या खाली-वर गेले की दर बदलतो. आमच्यासाठी तो दशांश चिन्हापुढचा अंक होता; आजींसाठी तो आठवड्याचा किराणा होता. आणि तोच आकडा आम्ही त्यांच्यापासून लपवून बसलो होतो. मुद्दाम नव्हे, आमच्या ते ध्यानातच आले नव्हते.

मग आम्ही मोठ्या मराठी अंकांचा एक फलक रांगेकडे तोंड करून लावला आणि पावती मराठीत केली. हिशेबाची एक ओळही बदलावी लागली नाही. दोन महिन्यांत सचिवांची वही बंद झाली. दूध दुसरीकडे नेणाऱ्यांपैकी काही परत आले, काही आले नाहीत. अचूक यंत्र बनवूनही माणसांचा विश्वास गमावता येतो, हे मला त्या न आलेल्यांनी शिकवले.

हे काम नवे वाटले तरी जुनेच आहे. १९३१ साली अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय या तरुणाने एक टिपण लिहिले. प्रत्येक मालाची सर्व बाजूंनी काळजी वाहणारी माणसे असावीत, असे त्याचे म्हणणे होते. प्रॉडक्ट मॅनेजरच्या कामाचे मूळ पुष्कळदा या टिपणात शोधले जाते. या माणसाची अवस्था घरातल्या थोरल्या सुनेसारखी असते. जबाबदारी सगळी, हुकूम मात्र कुणावरच चालत नाही. प्रोग्रॅमर, विक्रीवाले, हिशेबनीस, सगळ्यांना पटवूनच काम करून घ्यायचे.

आणि डिझाइन म्हणजे वरचा रंगरूपाचा साज, हाही गैरसमजच. आपले मतदान यंत्र आठवा. त्याच्या बाह्य रचनेत पवईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागाच्या प्राध्यापकांचा वाटा आहे. चिन्हासमोर बटण, ते दाबले की शेजारी लाल दिवा आणि लांब शिट्टीसारखा आवाज. वाचता न येणाऱ्यालाही आपले काम झाल्याचे कळते. वीज नसलेल्या गावीही चालावे म्हणून ते बॅटरीवर चालते. २००४ साली लोकसभेसाठी देशभर या यंत्रांवर मतदान झाले. पुढे मतदारांची शंका आणखी दूर व्हावी म्हणून चिठ्ठीची सोय आली आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ती सर्व केंद्रांवर होती. ही चिठ्ठी सात सेकंद मतदाराला दिसते. आजींचा प्रश्न इथेही तोच आहे: यंत्राचे तोंड कुणाकडे?

या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना दोन गोष्टी सांगतो. डिझाइनचे रीतसर शिक्षण घ्यायचे असेल, तर इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर ‘सीड’ ही प्रवेश परीक्षा देता येते. मुंबई आयआयटी ती घेते. १९६९ साली सुरू झालेली आयडीसी आणि इतर काही संस्था यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे दार तिथून उघडते. प्रॉडक्ट मॅनेजर होण्यासाठी मात्र ठरावीक पदवी लागतेच असे नाही. पुष्कळजण प्रोग्रॅमिंगमधून, चाचणी विभागातून किंवा ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या विभागातून इकडे येतात. तक्रारींचा फोन घ्यायला मिळाला, तर ते कमीपणाचे मानू नका.

दुसरी गोष्ट बिनखर्चाची. एक वही करा. बँकेत, एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या खिडकीशी अर्धा तास उभे राहा. माणसे कुठे अडतात, कुणाला विचारतात, काय न करताच परत जातात, ते लिहा. पानाच्या एका बाजूला लोक काय म्हणाले ते, दुसऱ्या बाजूला त्यांनी प्रत्यक्ष काय केले ते. दोहोंत अंतर दिसेल. आमचे काम त्या अंतरात असते.

कॉलेजात आम्हाला गणित घालून दिले जाई आणि आम्ही ते सोडवत असू. गणित बरोबर मांडले आहे का, हे विचारायची वेळ कधी आली नाही. ते विचारायला मला तिथे, दूध केंद्रातल्या लाकडी बाकावर बसून शिकावे लागले.

वडिलांना मी पुढे एकदा त्या केंद्रावर घेऊन गेलो. फलकावर आकडा उमटला, रांगेतल्या एका बाईंनी तो वाचला, मान हलवली आणि किटली उचलून त्या चालू लागल्या. वडील बराच वेळ बघत होते. घरी परतताना ते एवढेच म्हणाले, ‘‘इंजिनिअरच आहेस.’’

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)