नीलमाची पारख

साडेसातीचें नांव निघालें, कीं मध्यमवर्गीय घरांत नीलमाचा विषय निघतोच. कोणी वडील मंडळी तो सुचवितात, दुसरें कोणी लगेच हात जोडून ‘लाभला तर लाभला, नाहीं तर घर बुडवील’ असें बजावतात. आणि अखेरीस यजमान एका संध्याकाळीं जवाहिऱ्याकडून कागदाच्या पुडींत एक निळा खडा तीन रात्रींच्या बोलीवर घरीं आणतात. खडा उशाखालीं ठेवावयाचा. स्वप्नें बरीं पडलीं तर ठेवून घ्यावयाचा, वाईट पडलीं तर परत करावयाचा. शनीची मर्जी हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे व त्याचा निकाल येथें करावयाचा नाहीं. परंतु ज्या खड्यासाठीं वर्षाची शिल्लक मोडावयाची, तो त्या तीन दिवसांत उशाखालून काढून कोणी नीट न्याहाळतही नाहीं, ही गोष्ट मात्र नवलाची खरी.

पुडी सकाळीं उघडावी. खिडकीपाशीं, पण प्रत्यक्ष ऊन पडणार नाहीं अशा जागीं, पांढऱ्या कागदावर खडा ठेवावा. दुकानांतील पांढरेशुभ्र दिवे निळ्या रंगाचे फार मोठे पक्षपाती असतात. तेथें शोभलेला खडा घरीं निस्तेज वाटला तर त्यांत शनीचा हात नसतो. मग तोच खडा दिवेलागणीनंतर पिवळ्या दिव्याखालीं पाहावा. पुष्कळ नीलम रात्रीं काळसर पडतात, कांहीं जांभळट होतात. दोन्ही वेळां ज्याचा निळेपणा टिकतो तो खडा गुणी समजावा. अंगठी कांहीं केवळ दुपारींच घालावयाची नसते.

गर्द तितका मौल्यवान, ही समजूत फार पसरली आहे व ती खोटी आहे. शाईच्या थेंबासारखा दिसणारा, उजेडांत धरल्याखेरीज निळा आहे हें कळत नाहीं असा खडा बाजारांत विपुल मिळतो. ऑस्ट्रेलियांतील कित्येक नीलम असेच काळपट असतात. उत्तम नीलमाचा रंग जवसाच्या फुलाहून दाट, गोकर्णीच्या फुलाहून किंचित् उजळ असावा. जांभळी झांक थोडी चालते. राखी किंवा हिरवट झांक किंमत उतरविते.

या रंगाचें मूळ मोठें गमतीचें आहे. नीलम व माणिक हीं एकाच खनिजाचीं, कुरुंदाचीं, रूपें आहेत. शुद्ध कुरुंद बिनरंगी असतें. त्यांत क्रोमियम शिरलें कीं माणिक होतें, लोह व टिटॅनियम जोडीनें शिरलीं कीं नीलम होतो. ही निळाई खड्यांत सर्वत्र सारखी पसरलेली असतेच असें नाहीं. श्रीलंकेचे कारागीर कित्येकदां बिनरंगी खड्यांतील एवढासा निळा ठिपका नेमका तळाशीं येईल अशा बेतानें पैलू पाडतात आणि वरून पाहतां सारा खडा निळा दिसतो. ही फसवणूक नव्हे, हें कसब आहे. पण गिऱ्हाइकानें खडा आडवा धरून बाजूनें पाहावा आणि आपण कशाचे पैसे मोजतों हें जाणून मोजावे.

घाटाची परीक्षा वर्तमानपत्रावर होते. खडा तोंड वर करून छापील मजकुरावर ठेवावा. त्याच्या मधून अक्षरें वाचतां आलीं, तर तळ फार उथळ असून रंग वायां गेला आहे. उलट तळाचें पोट सुटलेलें असेल, तर बोटांत न दिसणाऱ्या भागाचेंही मोल गिऱ्हाइकाच्या माथीं बसतें. वजन कॅरटमध्येंच विचारावें. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. रत्तीचें माप सर्वत्र एक नाहीं.

आतां दोषांविषयीं. नीलम अगदीं निर्दोष हवा, असा आग्रह धरणारांना काश्मीरचा नीलम दाखवावा. १८८१ सालच्या सुमारास किश्तवाडकडील पाडर भागांत, सुमजाम गांवाच्या वर सुमारें साडेचार हजार मीटर उंचीवर, दरड कोसळून हे खडे उघडे पडले. महाराजा रणबीरसिंगांनीं तेथें पहारा बसविला. वर्षांतून थोडेच महिने बर्फ हटे, तेवढ्यांत जें निघेल तें खरें. भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे ला टूश १८८७ च्या सुमारास तेथें पाहणीस गेले, तोंपर्यंत मूळ खाणीचा भर ओसरलाहि होता. एवढ्या थोड्या वर्षांच्या उत्पन्नावर काश्मीरचें नांव आजतागायत जगभर चालतें, त्याचें कारण त्या निळ्या रंगावरील मखमली साय. आणि ही साय कशाची? खड्यांत विखुरलेल्या, साध्या भिंगालाही न दिसणाऱ्या सूक्ष्म कणांची! ते उजेड पसरवितात, म्हणून खडा कोठेंही काळा पडत नाहीं. म्हणजे ज्याला दोष म्हणून नाकारावयाचें, तोच येथें सौंदर्याचा धनी झाला. अर्थात् डोळ्यांना खुपणारी चीर किंवा कडेपर्यंत गेलेली भेग ही निराळी गोष्ट; ती टाळलीच पाहिजे.

पोटांत कांहींच नसलेला, मोठा, सुरेख निळा आणि शिवाय स्वस्त खडा मिळाला, तर आनंदापेक्षां शंका अधिक यावी. व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १९०२ सालीं ज्योतीच्या आंचेवर माणिक बनविण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि थोड्याच वर्षांत त्या रीतीनें निळे खडेही निघूं लागले. ते कांचेचे नव्हेत. घटक, काठिण्य, वजन सारें निसर्गाच्या खड्यासारखेंच. म्हणून आजोबांच्या वेळची अंगठी आहे एवढ्यावरून आंतील खडा खाणींतला, असें धरून चालतां येत नाहीं. भिंगाखालीं निसर्गाच्या खड्यांतील वाढीच्या रेघा सरळ दिसतात, या कृत्रिम खड्यांत त्या वक्र असतात. गरुडपुराणांत महानील शंभरपट दुधास निळें करतो असें म्हटलें आहे. त्यावर भरंवसून कोणी आजही दुधाचा पेला घेऊन बसतात. पण कृत्रिम खडा त्या परीक्षेंत नापास होण्याचें कांहींच कारण नाहीं.

याहून अवघड प्रश्न तापविलेल्या खड्यांचा. श्रीलंकेंत दुधी रंगाचे, पूर्वीं कोणी न विचारणारे ‘गेउडा’ नांवाचे खडे मिळत. १९७० नंतरच्या दशकांत थायलंडच्या व्यापाऱ्यांनीं ते दीड हजार अंशांहून अधिक उष्णतेच्या भट्टींत घातले आणि ते निळे होऊन बाहेर आले. त्यांतील दुधी धुकें टिटॅनियमयुक्त बारीक सुयांचें होतें; त्या विरघळल्या व लोहाशीं त्यांची जोडी जमली. आज बाजारांतील बहुतेक नीलम भट्टींतून आलेले असतात. ते निसर्गाचेच आहेत, त्यांचा रंग टिकतो, आणि ते घेण्यांत कमीपणा कांहींच नाहीं. मात्र न तापविलेल्या खड्याचा भाव त्यांना देणें म्हणजे शुद्ध नुकसान. हा भेद घरीं डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. त्यासाठीं मुंबईंत व जयपुरास रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळा आहेत, आणि तेथें लागणारा खर्च खड्याच्या किंमतीपुढें किरकोळ असतो.

तेव्हां चौथ्या दिवशीं पुडी घेऊन यजमान दुकानीं जातील, त्या वेळीं स्वप्नांचा वृत्तांत मनांत ठेवावा आणि दोनच गोष्टी मागाव्या: खडा कोंदणांत बसविण्यापूर्वीं प्रयोगशाळेंत दाखविण्याची मुभा, आणि तो तापविलेला कीं न तापविलेला हें पावतीवर लिहून. खरा जवाहिऱ्या दोन्ही आनंदानें देतो. ‘आमच्या शब्दावर विश्वास नाहीं का?’ असें जो विचारील, त्याची पुडी त्याच्याच हातीं द्यावी, चहा घेतला असल्यास आभार मानावे, आणि पायांत वहाणा घालाव्या.