मधमाश्यांची बेगमी



नौपाड्यातील दुकानात मधाची बाटली घेणारा ग्राहक तिचा रंग पाहतो, किंमत विचारतो. त्या बाटलीमागे एखाद्या डोंगरी कुटुंबाचे कष्ट असतात. परंतु या व्यवसायाचे यश काढलेल्या मधाइतकेच पेटीत राखलेल्या मधावर अवलंबून असते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही.

थंड देशांतील शेतकऱ्यांना ती अनुभवाने उमगली आहे. तेथे हिवाळ्यात कित्येक महिने फूल दृष्टीस पडत नाही. माश्या एकमेकींना बिलगून, साठवलेल्या मधावर पोळ्यात ऊब टिकवितात. म्हणून कडक हिवाळ्याच्या भागांत प्रत्येक पेटीत सुमारे ३० ते ४० किलो मध माश्यांसाठी राखला जातो.

महाराष्ट्रात मधमाश्यांचा असा कसोटीचा काळ म्हणजे पावसाळा. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वर परिसर हे त्याचे बोलके उदाहरण होय. उन्हाळ्यात जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर सातेरी माश्या भरपूर मध साठवितात. पुढे जूनपासून धुके आणि संततधार पाऊस त्यांना पेटीतच अडकवून ठेवतात. मेअखेर सर्व चौकटी रिकाम्या करणाऱ्या नवख्या मधपाळाच्या पेटीत जुलैत उपासमार होते. माश्या मरतात किंवा पेटी सोडून निघून जातात, आणि गरीब कुटुंबाने गुंतविलेला पैसाही त्यांच्यासमवेत जातो.

जाणता मधपाळ केवळ वरच्या कप्प्यातील मध काढतो. पिलाव्याच्या कप्प्याला हात लावीत नाही. पावसाळ्यात साठा घटल्यास तो सायंकाळी साखरेचा पाक देतो, छपरातून पाणी झिरपू देत नाही आणि मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतो. अशी जपलेली वसाहत पावसाळा सरताना बहरणाऱ्या कारवीचा लाभ घेण्यास सज्ज असते. दुर्बल वसाहतीच्या हातून तो हंगाम निसटतो.

या कामी मार्गदर्शन उपलब्ध आहे. पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. महाबळेश्वर येथे राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. मंडळाच्या योजनेत प्रशिक्षण, अनुदान आणि हमीभावाने मधखरेदी यांची सोय आहे. महाबळेश्वरजवळील मांघर हे २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूरच्या डोंगरपट्ट्यातही जांभूळ आहे, हिरडा आहे, कारवी आहे. आणि पाऊसही तितकाच हट्टी आहे. तेथील पंचायत सदस्यांनी पेट्यांच्या वाटपाबरोबर पहिल्या पावसाळ्यातील देखरेखीची व्यवस्था करावी. शिक्षकांनी परागीभवनाचा पाठ शाळेजवळच्या पेटीपाशी शिकवावा. वाटलेल्या पेट्यांची संख्या अहवालात शोभते. परंतु ऑक्टोबरात त्यांपैकी किती नांदत्या आहेत, हाच योजनेचा खरा हिशेब होय.